कानाला येणारा उशीर

या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरी आता संगणकावर किंवा लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करण्याची सोय झाली आहे. कुणाच्या घरी मुले तिलावत रेकॉर्ड करून उस्तादांना पाठवतात, कुणी नात, कुणी हम्द, कुणी लग्नातली गाणी. वाद्ये किती असावीत आणि कोणती, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमच्या घरी गळा आणि दफ एवढेच आहे. पण रेकॉर्डिंग गळ्याचे असो की पेटीचे, एक अडचण सगळ्यांना सारखीच येते. हेडफोन लावून गायला लागले की आपलाच आवाज आपल्याला थोडा उशिरा ऐकू येतो. तंत्रज्ञ मंडळी याला लेटन्सी म्हणतात. आम्ही घरात त्याला नुसते ‘उशीर’ म्हणतो. या उशिरामुळे आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने गाणे सोडून दिले होते आणि त्याचे खरे कारण आम्हाला कसे सापडले, ते इथे सांगायचे आहे.

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पचा आकडाच सांगतात. अब्बा, म्हणजे या घरातल्या सुनेचे सासरे, तरुणपणी शहाडच्या रेयॉनच्या कारखान्यात लागले आणि तेव्हापासून आम्ही इथलेच. घर दोन खोल्यांचे. खालच्या मजल्यावर शिलाईची मशीन चालतात, मागून लोकलचा आवाज येतो, आणि समोर सिंधी शेजाऱ्यांचे घर आहे. त्यांच्याशी आमचे तीन पिढ्यांचे जाणे-येणे आहे.

अब्बांचे वय आता चौऱ्याहत्तर. कारखान्याच्या पाळ्या सांभाळून त्यांनी चाळीस वर्षे मिलादच्या मजलिशींत नात म्हटली. त्यांच्याकडे अकरा चाली आहेत. त्या त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवल्या आणि उस्तादांना त्यांच्या वालिदांनी. शब्द वहीत उतरवलेले आहेत, पण चाल कुठेही लिहिलेली नाही. ती फक्त अब्बांच्या गळ्यात आहे. त्यांच्याबरोबर गाणारे दोन साथीदार अल्लाहला प्यारे झाले. अब्बांना दमा आहे आणि डाव्या कानाने फार कमी ऐकू येते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही सर्वांनी ठरवले की रबीउलअव्वल यायच्या आत या अकरा चाली रेकॉर्ड करून ठेवायच्या.

सामान फार नव्हते. थोरलीचा कॉलेजचा लॅपटॉप होता. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते तिने घेतले. दुबईला असलेल्या धाकट्या दिरांनी अब्बांसाठी बिनवायरचा ब्लूटूथ हेडफोन पाठवला होता. आधी धाकट्याने दफ वाजवून ती रेकॉर्ड करायची आणि मग अब्बांनी हेडफोनमध्ये दफ ऐकत वर नात म्हणायची, असा बेत होता. अब्बांना कमी ऐकू येते म्हणून त्यांचा स्वतःचा आवाजही हेडफोनमध्ये मोठा करून देणे भाग होते.

पहिल्या दिवशी अब्बा दुसऱ्या ओळीवर अडखळले. पुन्हा सुरू केले, पुन्हा अडखळले. शब्द लांबायला लागले, आवाज विनाकारण चढायला लागला, दफ एकीकडे आणि नात दुसरीकडे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बेटा, आता गळाही राहिला नाही आणि डोकंही. मला ओळ आठवते, पण तोंडात येईपर्यंत हरवते. राहू दे.” त्यानंतर पंधरा दिवस घरात नात झाली नाही. आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचो की विसरण्याचा आजार तर सुरू झाला नाही ना, डॉक्टरांना दाखवावे का. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांना ही कुजबुज ठाऊक असेल.

पण एक गोष्ट या भीतीशी जुळत नव्हती. एका पहाटे फज्रनंतर अब्बा चहाची वाट पाहत बसले होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते. तीच नात, तीच चाल, चारही कडवी, एकही शब्द न चुकता. स्मरणशक्ती गेली असती तर ती पहाटेही गेली असती. म्हणजे जे काही बिघडत होते ते हेडफोन लावल्यावरच बिघडत होते.

थोरलीने या धाग्यावरून शोध घेतला. तिला जे कळले ते आम्हा सर्वांना नवे होते. १९५० मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ली नावाच्या संशोधकाने दाखवून दिले होते की माणसाला त्याचा स्वतःचा आवाज सेकंदाच्या काही भागाने उशिरा ऐकवला, तर चांगला बोलणारा माणूसही अडखळू लागतो. तो अक्षरे लांबवतो, पुन्हा पुन्हा उच्चारतो, मोठ्याने बोलू लागतो. साधारण सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे दोनशे मिलिसेकंद एवढ्या उशिराला हा त्रास सर्वांत जास्त होतो. (एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मिलिसेकंद.) आपण बोलताना मेंदू कानावरही लक्ष ठेवून असतो. तोंडातून निघालेले अक्षर कानात वेळेवर पोहोचले की पुढचे सोडायचे, असा त्याचा हिशोब असतो. तो हिशोब चुकवला की जीभ थांबते. हा परिणाम इतका पक्का आहे की बहिरेपणाचे सोंग करणाऱ्याला ओळखण्यासाठी त्याचा उपयोग झाला. खरोखर ऐकू न येणारा माणूस सरळ बोलत राहतो, सोंग करणारा अडखळतो. उलट, तोतरे बोलणाऱ्या काही लोकांना असाच ठरावीक उशीर दिल्यावर बोलणे सोपे जाते.

हे वाचून झाल्यावर अब्बांच्या सुनेने थोरलीला एवढेच विचारले, “मग आपल्या हेडफोनला किती उशीर लागतो, ते मोजता येईल का?”

मोजता आले. समोरच्या सिंधी घरातला भाचा त्यांच्या लग्नात म्हणतात ते लाडे घरीच रेकॉर्ड करतो. तो अब्बांना चाचा म्हणतो. त्याने सांगितलेली युक्ती अगदी साधी आहे, कुणालाही जमेल. लॅपटॉपवर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येईल अशी सोय चालू करायची. हेडफोनचा आवाज मोठा करून तो माइकपासून दूर ठेवायचा आणि त्याच्याजवळ एक मोबाईल रेकॉर्डिंग लावून ठेवायचा. मग माइकसमोर एक कडक टाळी वाजवायची. मोबाईलमध्ये दोन टाळ्या रेकॉर्ड होतात. एक हवेतून थेट आलेली आणि दुसरी माइक, लॅपटॉप, हेडफोन असा प्रवास करून आलेली. ते रेकॉर्डिंग संगणकात उघडले की दोन टाळ्यांचे दोन उंच सुळके दिसतात. त्यांच्यातले अंतर म्हणजे आपला उशीर.

संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो तुकडे करून ते मोजतो. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० असतो, व्हिडिओसाठी बहुधा ४८,०००. आमच्या दोन सुळक्यांत १४,४०० तुकड्यांचे अंतर निघाले. ४८,००० ने भागले की ०.३ सेकंद, म्हणजे तीनशे मिलिसेकंद. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला साधारण तीन मिलिसेकंद. त्या हिशोबाने अब्बा जणू शंभर मीटर दूर बसलेल्या स्वतःला ऐकत गात होते. लोकलचे पाच डबे मोजा, एवढे ते अंतर. मजलिशीत दफ वाजवणारा तीन मीटरवर बसला तर नऊ मिलिसेकंदांचा उशीर होतो. तो कुणाला जाणवत नाही. शंभर मीटरवरच्या दफशी ताल कोण जुळवणार?

धाकट्याने तो आकडा अब्बांना सांगितला. अब्बांना मिलिसेकंद कळले नाहीत, पण पाच डब्यांची गोष्ट कळली. “म्हणजे डोकं ठीक आहे?” एवढेच ते म्हणाले. त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने जेवण झाले.

आता उपाय. बाजारातल्या एका दुकानदाराने आमचे म्हणणे अर्धे ऐकून सांगितले की लॅपटॉप जुना झाला, साठ हजारांपर्यंतचा नवा घ्या, सगळे ठीक होईल. एवढे पैसे घरात होते, पण ते थोरलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेले होते. शेजारचा भाचा म्हणाला, “आधी उशीर कुठे होतो ते शोधा, पैसे नंतर घाला.” हा सल्ला आम्हाला फार उपयोगी पडला. म्हणून आम्ही जे केले ते त्याच क्रमाने सांगतो. बिनखर्चाचे आधी, खर्चाचे शेवटी.

पहिली पायरी हेडफोन. बिनवायरचा हेडफोन आवाज आधी आकसून बांधतो, हवेतून पाठवतो आणि पलीकडे पुन्हा उलगडतो. मध्ये खंड पडू नये म्हणून थोडा साठाही करून ठेवतो. त्यातच शंभर, दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाणे ऐकायला किंवा बयान ऐकायला याने काही बिघडत नाही, कारण उशीर झाला तरी आपल्याला कळत नाही. गाताना मात्र हा हेडफोन चालत नाही. आम्ही वायरचा साधा हेडफोन लावला आणि पुन्हा टाळी वाजवली. १४,४०० वरून अंतर ५,२८० तुकड्यांवर आले, म्हणजे एकशे दहा मिलिसेकंद. दुबईचा हेडफोन अब्बा आता रात्री कुराणाची तिलावत ऐकायला वापरतात आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

दुसरी पायरी आवाजाची वाट. विंडोजमध्ये आवाज नेहमीच्या वाटेने गेला तर तो आधी एका सामाईक ठिकाणी जातो. तिथे व्हिडिओ, सूचनांची घंटी आणि बाकी सगळे आवाज एकत्र मिसळतात आणि मगच पुढे जातात. रेकॉर्डिंगसाठी ही गर्दी टाळणारी वेगळी वाट जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये काढली. तिचे नाव एएसआयओ. ज्या यंत्राला स्वतःचा असा ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी ‘एएसआयओ फॉर ऑल’ नावाचा फुकट ड्रायव्हर मिळतो. परवान्याच्या अटींमुळे ऑडॅसिटीत बरीच वर्षे ही वाट तयार मिळत नव्हती, म्हणून थोरलीने रीपर नावाचे सॉफ्टवेअर घेतले. ते साठ दिवस वापरून पाहता येते. ज्यांच्याकडे ॲपलचा संगणक आहे त्यांना कोअर ऑडिओ आधीपासून मिळालेला असतो आणि लिनक्सवाल्यांना जॅक किंवा पाइपवायर, त्यामुळे त्यांनी या पायरीची फिकीर करू नये.

तिसरी पायरी बफर. हा शब्द प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसतो आणि बहुतेक लोक त्याला हात लावायला घाबरतात. आमच्या वस्तीत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, त्यामुळे आम्हाला तो लवकर कळला. बफर म्हणजे नळाखाली लावलेले भांडे. आवाजाचे तुकडे आधी या भांड्यात भरतात आणि भांडे भरले की संगणक ते उचलून पुढे नेतो. भांडे मोठे पिंप असेल तर ते भरेपर्यंत थांबावे लागते, पण मध्ये दुसरे काम करायला सवड मिळते. भांडे छोटा तांब्या असेल तर ते झटकन भरते, पण उचलणाऱ्याला क्षणाची उसंत नाही. तो जरा दुसरीकडे वळला की पाणी सांडते. आवाजात हे सांडणे ‘चट्चट्’ किंवा ‘चर्र’ असे ऐकू येते.

हिशोब असा. ४८,००० च्या गतीला १,०२४ तुकड्यांचे भांडे भरायला सुमारे एकवीस मिलिसेकंद लागतात, ५१२ ला साधारण अकरा, २५६ ला पाच, १२८ ला अडीचच्या थोडे वर. हा वेळ आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा लागतो. शिवाय आवाजाचे आकडे करणे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणे यालाही थोडा वेळ जातो. आम्ही १२८ ठेवले तेव्हा आवाज फुटत होता. २५६ वर तो स्वच्छ आला. म्हणून आमचे भांडे २५६ चे. तुमचे वेगळे असेल. मोठ्यापासून सुरू करा, एकेक पायरी खाली या, आवाज फुटला की एक पायरी वर जा. आणि रेकॉर्डिंग संपल्यावर आवाज नीट करताना भांडे पुन्हा मोठे करा, कारण तेव्हा उशिराने काहीच अडत नाही.

तांब्या उचलणाऱ्याला दुसऱ्या कामाला लावायचे नाही, म्हणून काही छोट्या गोष्टी कराव्या लागतात. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि वीज वाचवण्याची सोय बंद करा, कारण त्या सोयीत संगणक मधूनच पेंगतो. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. अपडेट आणि व्हायरसची तपासणी दुसऱ्या वेळेला लावा. आणि मुलांना नातमध्ये जी गुंज हवी असते, ती गाताना चालू ठेवू नका. गुंज, आवाज साफ करणे, पातळी सारखी करणे ही सगळी यंत्रे संगणकावर भार टाकतात आणि त्यातली काही स्वतःचा उशीरही वाढवतात. ती सजावट नंतर करायची. हे सगळे झाल्यावर पुन्हा टाळी वाजवली. अंतर १,०५६ तुकडे, म्हणजे बावीस मिलिसेकंद. शंभर मीटरवरून आम्ही सात-आठ मीटरवर आलो होतो आणि खर्च शून्य होता.

थोरली आणि धाकटा यांना एवढे पुरेसे होते. अब्बांना मात्र अजून खटकत होते. अडखळणे थांबले होते, पण ते म्हणत, “कुणीतरी माझ्या मागून म्हणतंय.” ज्याचे कान चांगले आहेत त्याला इथे एक फुकटचा उपाय आहे. हेडफोनमधला स्वतःचा आवाज पूर्ण बंद करावा, एका कानावरून हेडफोन थोडा सरकवावा आणि आपला आवाज आपल्या कानाने ऐकावा. त्याला उशीरच नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांना एवढ्यावर भागेल. अब्बांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांना हे जमणारे नव्हते.

त्यांच्यासाठी आम्ही वापरलेला एक ऑडिओ इंटरफेस घेतला. हा वीतभर डबा. एका बाजूने त्याला माइक लागतो, दुसऱ्या बाजूने हेडफोन, आणि तो यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडतात. भाच्याच्या ओळखीत साडेतीन हजारांत मिळाला. त्याचा खरा गुण म्हणजे डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण. ते दाबले की माइकचा आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपकडे आणि दुसरी डब्यातूनच थेट हेडफोनकडे. गाणाऱ्याला जे ऐकू येते ते लॅपटॉपमध्ये जाऊन आलेले नसते. लॅपटॉपकडून फक्त दफ येते. मात्र मग सॉफ्टवेअरमधून ऐकू येणारा आवाज बंद करायला विसरू नये, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो. हा डबा लावून टाळी वाजवली तेव्हा मोबाईलमध्ये दोन सुळके दिसलेच नाहीत. एकच सुळका होता.

त्यातही एक गंमत झाली. आमच्या डब्यातून माइकचा थेट आवाज हेडफोनच्या डाव्या बाजूलाच येत होता, आणि अब्बांचा चांगला कान उजवा. थोरली त्याचे कारण आणि उपाय शोधत बसली. अब्बांनी हेडफोन हातात घेतला, उलटा करून घातला आणि म्हणाले, “चला.”

दुपारी खालची मशीन चालू असतात, म्हणून रेकॉर्डिंग इशाच्या नंतर करायचे ठरले. माइक तोंडापासून चार बोटांवर, खिडकीला गोधडी, पंखा बंद, दम्याचा पंप हाताशी. पहिली नात अब्बांनी एका दमात म्हटली नाही. कडव्याकडव्याला थांबत म्हटली, पण अडखळत नाही. तिसऱ्या कडव्यात त्यांनी एक हरकत घेतली, ती आम्ही कधीच ऐकली नव्हती. विचारले तेव्हा म्हणाले, “उस्ताद घ्यायचे. मजलिशीत लोकांना घाई असते, म्हणून मी गाळायचो.” ती हरकत आता धाकट्यालाही येते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यात पुष्कळ जण गोंधळतात. उशीर दोन प्रकारचा असतो. एक गाणाऱ्याच्या कानाला येणारा. तो गातानाच दूर करावा लागतो, कारण गाणारा विचलित झाला तर मागाहून काही करता येत नाही. दुसरा म्हणजे रेकॉर्ड झालेला आवाज दफच्या मागे पडणे. तो मागाहून दुरुस्त होतो. सॉफ्टवेअरला उशिराचा आकडा सांगितला की ते प्रत्येक नवे रेकॉर्डिंग तेवढे पुढे सरकवते. ऑडॅसिटीत हा आकडा आधीपासून उणे १३० मिलिसेकंद असा भरलेला असतो. तो एक अंदाज आहे, आपल्या यंत्राप्रमाणे बदलावा लागतो. आपला आकडा काढायचा असेल तर आधी तो शून्य करावा, मग ठोक्यांचे एक रेकॉर्डिंग हेडफोनमध्ये वाजवून हेडफोन माइकला लावावा, ते दुसऱ्या पट्टीवर रेकॉर्ड करावे आणि दोन्ही पट्ट्यांतले अंतर मोजून तेच भरावे.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. टेपच्या काळातही ती होती. मोठ्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरणारे डोके वेगळे आणि वाजवणारे वेगळे असे. टेप सेकंदाला पंधरा इंच धावत असेल आणि दोन डोक्यांत दोन इंच अंतर असेल, तर भरलेला आवाज एकशे तेहतीस मिलिसेकंदांनी वाजतो. आधीच्या रेकॉर्डिंगवर नवा आवाज चढवताना हे जुळेना, म्हणून अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात आवाज भरणाऱ्या डोक्यातूनच जुना आवाज ऐकवण्याची सोय केली. आपल्या मुंबईत तर त्या काळी चित्रपटाची बहुतेक गाणी गायक आणि सगळे वादक एकत्र बसून एकाच वेळी रेकॉर्ड करत. मोहम्मद रफी साहेबांनी श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात मराठी गाणी गायिली, ती अब्बांना फार आवडतात. गायक आणि वादक एकमेकांना हवेतून ऐकत असत तेव्हा उशीर होता तो फक्त खोलीच्या लांबीएवढा.

दुबईच्या दिरांनाही यात यायचे होते. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकत्र नात म्हणू या, असे ते म्हणाले. मुंबई ते दुबई सरळ अंतर सुमारे एकोणीसशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसते जायलाच जवळजवळ दहा मिलिसेकंद. त्यात तारेचे वळसे, मधली यंत्रे, दोन्हीकडचे वायफाय आणि कॉलचा स्वतःचा साठा मिळवला की ताल जुळत नाही. म्हणून आम्ही त्यांना दफ आणि अब्बांचा आवाज पाठवला. त्यांनी कामावरून आल्यावर त्यांच्या खोलीत, एका कानावरचा हेडफोन सरकवून, मोबाईलवर आपला आवाज भरला आणि परत पाठवला. थोरलीने तो जागेवर बसवला. सहा वर्षांनी बाप-लेकांचा आवाज एका नातमध्ये आला.

अकरापैकी आठ चाली झाल्या आहेत. दोन फार लांब पल्ल्याच्या आहेत आणि दम्यामुळे अब्बांना त्या सध्या झेपत नाहीत. हिवाळा सरला की पाहू, असे ते म्हणतात. एक चाल त्यांना अर्धीच आठवते. उरलेली अर्धी कुणाला येत असेल तर कल्याणला किंवा भिवंडीला, असे त्यांना वाटते. आम्ही विचारपूस करत आहोत.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्या घरातही कुणाच्या गळ्यात अशी एखादी चाल, अंगाई किंवा लग्नातले गाणे असेल. त्यासाठी डबा, माइक, लॅपटॉप यांची वाट पाहू नका. आज रात्री पंखा बंद करा, मोबाईल समोर ठेवा, हेडफोन लावू नका आणि जसे म्हणतील तसे भरून घ्या. तारीख आणि म्हणणाऱ्याचे नाव सुरुवातीला त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. बाकीची जुळवाजुळव नंतर होत राहील, इन्शाअल्लाह. आणि एखादे वडीलधारे हेडफोन लावल्यावर अडखळले, तर त्यांच्या वयाविषयी काही बोलण्याआधी एक टाळी वाजवून पाहा.